मेंदी लावलेला हायलँडर

लिफ्टमध्ये माणसानं नजर कुठं ठेवावी, याचे आमच्या सोसायटीत अलिखित नियम आहेत. मजल्यांचे आकडे बघावेत, स्वतःच्या चपला बघाव्यात, अगदीच वेळ जात नसेल तर पाणी कधी बंद राहील ही जुनी नोटीस पुन्हा वाचावी. शेजारच्या माणसाच्या डोक्याकडे टक लावून बघू नये. गेल्या उन्हाळ्यात मी हा नियम सलग पंधरा दिवस मोडला. डोकं तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं होतं. काका ७२ वर्षांचे, सडसडीत, आणि महिन्यातून दोनदा मेंदी लावणारे. सोळाव्या दिवशी त्यांनी तळमजला यायच्या आत मला गाठलं.

"काय रे, डोक्यावर पाल पडलीय का माझ्या?"

आता यांना खरं काय सांगणार? की काका, मला एका स्कॉटिश शिपायाचे केस रंगवायचे आहेत, तो माझ्या करंगळीच्या पेराएवढा आहे, आणि अख्ख्या पुण्यात माझ्या ओळखीचं तांबडं डोकं तेवढं तुमचं आहे? मी म्हटलं, "नाही काका, रंग छान बसलाय." काका खूश झाले. पुढं जे काही झालं ते सगळं या एका वाक्याचं फळ.

धातूचे चिमुकले शिपाई रंगवायचा नाद मला पंचेचाळिशीत लागला. बायको त्याला 'बाहुल्या' म्हणते. माझं म्हणणं, ही दिवाळीतल्या किल्ल्याचीच पुढची इयत्ता आहे. फरक एवढाच, की किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्यांना मापाचं बंधन नव्हतं. आमच्याकडे पहारेकरी बुरुजापेक्षा उंच असायचा, आणि गुहेतला वाघ दोघांनाही गिळेल एवढा. इथं मात्र माणूस म्हणजे २८ मिलिमीटर.

मांडणी करायची होती असईच्या लढाईची. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यातला केळणा आणि जुई या दोन नद्यांमधला पट्टा. इकडे शिंदे-भोसल्यांची फौज, तिकडे आर्थर वेलस्ली, जो पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वाटाडे त्याला सांगत होते की नदीला इथं उतार नाही. यानं समोरासमोरच्या काठांवर दोन गावं बघितली आणि ताडलं, की एवढी जवळ गावं आहेत म्हणजे लोक येत-जात असणार, म्हणजे उतार असणारच. आणि होता. ज्याची नजर इतकी बारीक, त्याच्या पलटणीचे केस आपण ढोबळमानानं रंगवायचे नाहीत, असं मी ठरवलं. त्याच्याबरोबर ७४वी आणि ७८वी अशा दोन स्कॉटिश हायलँडर पलटणी होत्या. तिथंच माझं घोडं अडलं.

मराठ्यांचं काही अवघड नव्हतं. काळे केस, त्यातले निम्मे पागोट्याखाली. एका संध्याकाळी आटोपले. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. त्याला टोपी घातली, विषय संपला. मग हायलँडर घेतले आणि तीन आठवडे गेले. बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, "अरे, ज्यांनी आपल्याला हरवलं त्यांच्या केसांना तीन आठवडे, आणि आपल्या माणसांना एक संध्याकाळ?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

माझं गणित सोपं होतं. स्कॉटिश म्हणजे लाल केस. शिपाई चोवीस, म्हणून चोवीसही डोकी लाल. टोप्यांमुळे बहुतेकांचे मानेवरचे आणि कानांमागचे तेवढेच केस दिसत होते, तरी त्यांना रांगेत उभं केल्यावर कोंबड्यांची झुंज भरल्यासारखं दिसायला लागलं. मग वाटलं, केसांना चमक पाहिजे. लालमध्ये पांढरा घातला. लाल अधिक पांढरा म्हणजे गुलाबी, हे तिसरीतल्या पोराला ठाऊक असतं. मला ते चोविसाव्या शिपायावर कळलं. लेक डोकावून म्हणाली, "बाबा, हे विसर्जनाहून आलेत का?"

मग जरा वाचन केलं. रंगवण्याआधी वाचायचं असतं, पण ही आमच्या घराण्याची रीत नाही. जगात नैसर्गिक तांबड्या केसांची माणसं शंभरात एखाद-दोन. स्कॉटलंडमध्ये हे प्रमाण बरंच जास्त आहे, तरी तिथंही बहुतेकांचे केस तपकिरीच. बावीस जणांना मी निमूटपणे तपकिरी आणि काळे केस परत केले. उरले दोन. त्यातल्या एकाची टोपी कानांपर्यंत ओढलेली. दुसऱ्याची पडलेली, तो गुडघा टेकून, उघड्या डोक्यानं बंदूक भरतोय. त्याचं नाव मी मॅक ठेवलं. डोकं सगळं मिळून चार-साडेचार मिलिमीटर.

खरी गोम इंग्रजी भाषेत आहे. मॅकच्या केसांना इंग्रज 'लाल' म्हणत आले, कारण त्या केसांना नाव पडलं तेव्हा त्यांच्याकडे नारिंगी रंगाला शब्दच नव्हता. तो सोळाव्या शतकाच्या सुमारास फळाच्या मागून आला, आणि फळाचं नाव मुळात आपलं संस्कृत 'नारंग'. फारशी, अरबी आणि युरोपातल्या आणखी दोन-तीन भाषांच्या चौक्या ओलांडत शब्द पोचेपर्यंत केसांची नोंद 'लाल' अशी होऊन बसली होती. आणि एकदा झालेली नोंद बदलून घेणं किती अवघड असतं, हे ज्यांनी सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करून घेतलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मराठीनं मात्र पहिल्या फटक्यात बरोबर ओळखलं. तांबडा, म्हणजे तांब्याचा. चिंच लावून घासलेला तांब्या आणि महिनाभर माळ्यावर पडलेला तांब्या, या दोन टोकांच्या मधे मॅकचं सगळं डोकं बसतं. लाल बाटलीला हातच लावायचा नव्हता.

हे कळलं, पण डोळ्यांनी बघायचं कुठं? फोटोत प्रत्येक तांबडं डोकं वेगळं दिसतं. समोर उन्हात बसलेलं डोकं पाहिजे. म्हणून लिफ्ट, म्हणून काका.

काका रविवारी सकाळी आमच्या बाल्कनीत आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांना मी मॉडेल म्हणून बसवतोय हे एव्हाना सांगून टाकलं होतं. कोणासाठी, ते नव्हतं सांगितलं. इंग्रज चित्रकार मिलेनं 'ओफेलिया' हे चित्र रंगवताना तांबड्या केसांच्या एलिझाबेथ सिडलला भर हिवाळ्यात पाण्यानं भरलेल्या टबमध्ये झोपवलं होतं. पाणी कोमट राहावं म्हणून खाली दिवे लावलेले. ते विझले, चित्रकाराला पत्ता नाही, आणि बाई चांगलीच आजारी पडली. तिच्या वडिलांनी डॉक्टरच्या खर्चापायी पन्नास पौंड मागितले. मी काकांना निदान कोरडं बसवलं आणि दोनदा चहा दिला.

तासभर मी त्या डोक्याचा अभ्यास केला. मेंदीचा रंग पारदर्शक असतो. तो केसातल्या केराटिनला धरतो, पण खालचा रंग झाकत नाही. त्यामुळे काकांच्या एका डोक्यावर तीन हवामानं होती. कानशिलावर, जिथं केस पांढरे, तिथं भडक केशरी. मागच्या बाजूला, जिथं थोडे काळे उरलेत, तिथं नुसती तपकिरी झाक. आणि भांगात, मेंदीला दहा दिवस होऊन गेल्यामुळे, स्वच्छ पांढरी रेघ. मी सगळं टिपलं आणि सगळं इमानदारीनं मॅकच्या डोक्यावर उतरवलं.

संध्याकाळी भिंगातून बघितलं. १८०३ साली, तोफा धडाडत असताना, असईच्या रणांगणावर मेंदी उतरलेला एक गृहस्थ बंदूक भरत होता. स्कॉटलंडचा तर तो नव्हताच. सकाळी स्वारगेटला उतरला असावा. बायकोनं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "याला काकांचा भांग पडलाय."

कारण निसर्गाचं काम मेंदीच्या बरोबर उलटं चालतं. खऱ्या तांबड्या केसांत मुळाशी रंग गडद, आणि उन्हात राहून टोकं फिकी, सोनेरी. तो रंग वरून बसवलेला नसतो, आतून आलेला असतो. फिओमेलॅनिन नावाचं रंगद्रव्य वरचढ झालं की केस तांबडे होतात, आणि ते बहुतेक वेळा एमसी१आर या एका जनुकातल्या बदलामुळे. हा दुवा १९९५ साली सापडला. मेंदीवाल्यांची मुळं पांढरी, मॅकवाल्यांची गडद. चोवीस शिपाई आणि एक काका खर्ची घालून मी एवढं ज्ञान मिळवलं.

पुढच्या रविवारी काकांना श्रमपरिहार म्हणून मिसळ खायला घेऊन गेलो. ताटली समोर आली आणि मी चमचा खाली ठेवला. तळाला मटकीच्या फटींत रस्सा जवळजवळ काळपट तपकिरी. त्याच्यावर विटकरी. आणि सगळ्यात वर तर्री. कडेला जिथं तिचा थर पातळ, तिथं उजेड आरपार जाऊन नुसतं सोनेरी नारिंगी. हेच! केसांच्या खाचांत अंधार, बटेच्या पाठीवर वीट आणि जिथं ऊन पडतं तिथं एक बारीक तर्री. लालभडक असं त्या ताटलीत कुठंच नव्हतं, तरी ताटलीला कुणीही तांबडीच म्हटलं असतं.

"खा रे," काका म्हणाले, "तिच्याकडे काय बघत बसलायस?"

घरी येऊन मॅकचं डोकं चौथ्यांदा साफ केलं. आधी गडद तपकिरी. मग गेरूचा थर. गेरू म्हणजे लोखंडाच्या गंजाची माती; इटलीतल्या सिएना शहराच्या नावानं चित्रकार जो तांबूस तपकिरी रंग वापरतात, तोही त्याच जातीचा, पिवळी माती भाजून केलेला. मग पाण्यासारखा पातळ काळपट रंग, जो आपोआप खाचांत उतरतो. वाळल्यावर फक्त उंचवट्यांवर विटकरी. शेवटी त्यात पिवळी माती थोडी थोडी वाढवत बारीक रेघा, आणि त्याही सगळीकडे नाहीत, वरून ऊन येतंय असं धरून माथ्यावर. पांढरा कपाटात, कुलपात. एकेक केस काढायच्या भानगडीत पडायचं नसतं. आपला केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाडीचा. मॅकच्या मापात तो मिलिमीटरचा हजारावा हिस्सा होईल. तेवढी रेघ ब्रशानं निघत नाही आणि निघाली तरी बघणार कोण? केसांवर पडलेला उजेड तेवढा रंगवायचा.

केस जमले तरी मॅक टोप घातल्यासारखा दिसत होता. भुवया काळ्या राहिल्या होत्या. त्या फिकट तांबूस केल्या. मग कातडी. पहिली मी आपली नेहमीची गव्हाळ दिली होती. ती गोरी केली, नाक आणि कान जालन्याच्या उन्हात भाजल्यासारखे लाल केले. अंगावर बारीक तांबूस ठिपके असतात या लोकांच्या, ते दिले. पहिल्या खेपेला जास्त झाले, गोवर आल्यासारखा दिसायला लागला, अर्धे पुसले. शिवाय अंगात लाल डगला. साध्या शिपायांचे डगले मंजिष्ठेच्या जातीतल्या मुळांनी रंगवत, आणि त्या लालाशेजारी आपले कष्टाचे केस पार मळकट दिसतात. म्हणून तर्री आणखी एक बोट वाढवली.

सगळं झाल्यावर ब्रश धुवायला घेतला. चांगला ब्रश आहे, कोलिन्स्की म्हणतात त्याला. सायबेरियात मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी आहे, त्याच्या शेपटीच्या केसांचा. व्हिक्टोरिया राणीसाठी १८६६ मध्ये याच केसांचा खास ब्रश तयार झाला होता, सात नंबरचा, तिच्या आवडीच्या मापाचा. नळाखाली टोक चिमटीत धरलं आणि हात थांबला. मुळाशी गडद, टोकाकडे सोनेरी, मधे तांब्याची झाक. ज्याच्यासाठी मी लिफ्टमध्ये काकांचं डोकं न्याहाळत होतो, ते सहा आठवडे माझ्या बोटांत होतं. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

काकांना मात्र मॅक दाखवणं भाग होतं. त्यांनी भिंग घेतलं, खिडकीशी गेले, बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता विचारणार की यात मी कुठं आहे. काका म्हणाले, "मुळं दिसतच नाहीत रे याची. कुठली मेंदी लावतो?"

आता पुढची मूर्ती आणलीय, इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीची. १५८८ साल, स्पेनच्या स्वारीचं सावट आहे, आणि टिलबरीच्या छावणीत राणी घोड्यावरून सैन्यापुढं आलीय. केस जन्मजात तांबडे, पण उतारवयात ती तांबडे टोप वापरायची. टोप म्हटल्यावर जरा मेंदीसारखं दिसलं तरी खपून जाईल, असं मी काकांना सहज बोललो, तर ते लगेच तयार झाले. टिलबरीला राणी ५४ वर्षांची होती. काका ७२ चे आहेत. रविवारी सकाळी आठला बाल्कनीत बसायचं ठरलंय, आणि ते शनिवारी मेंदी लावून येणार आहेत.