भाषण खुर्द, भाषण बुद्रुक

बारामती तालुक्यात कोऱ्हाळे दोन. एक खुर्द, एक बुद्रुक. खुर्द म्हणजे धाकटं आणि बुद्रुक म्हणजे थोरलं. फारसीतला 'बुजुर्ग' आमच्या दप्तरात मुरत मुरत बुद्रुक झाला. आम्ही थोरल्यातले. भाषणंसुद्धा याच दोन जातींची असतात, आणि उभं राहताना खुर्द नव्हता असा एकही वक्ता मी आजवर पाहिलेला नाही. "मी तुमचा जास्त वेळ घेणार नाही, दोनच शब्द बोलतो," असं म्हणून माणूस माईक हातात घेतो. खाली बसतो तेव्हा तो बुद्रुक झालेला असतो आणि मांडवाच्या मागं आचाऱ्यानं भाताखालचा जाळ तिसऱ्यांदा कमी केलेला असतो.

हे आज काढायचं कारण आमचा पुतण्या. नुकताच तो सोसायटीवर संचालक म्हणून निवडून आला. निवडून आलेल्या माणसाला तीन गोष्टी लागतात: पांढरा शर्ट, गाडीच्या काचेवर चिकटवायचं पदनाम आणि भाषण. पहिल्या दोन बारामतीत मिळाल्या. तिसरीसाठी तो माझ्याकडं आला.

"तात्या, बुधवारी अप्पांचा दहावा हाय. मला बोलावं लागणार." त्यानं मोबाईल पुढं केला. "ह्यात सगळं दिलंय बघा. सुरुवात अशी करायची की लोकांनी कान टवकारले पायजेत. मग तीन मुद्दे. मग शेवट. आन् बोलताना लोकांच्या डोळ्यांत बघायचं."

"दहाव्याला लोक कावळ्याकडं बघत असतात. तू कुणाच्या डोळ्यांत बघणार?"

यावर मोबाईलमध्ये काही दिलेलं नव्हतं.

तीन मुद्दे हे तसं खर्चिकच काम. ॲरिस्टॉटल नावाचा ग्रीक गृहस्थ दोनांवरच थांबला होता: म्हणणं मांडा आणि ते पटवून द्या, भाषणाला एवढेच दोन भाग लागतात. गृहस्थ हुशार होता, पण त्याच्या व्यासपीठावर सत्तावीस खुर्च्या नव्हत्या. आमच्याकडं भाषणाचा सांगाडा वक्ता ठरवत नाही, मांडववाला ठरवतो. स्टेजवर जेवढ्या खुर्च्या, तेवढी भाषणाची लांबी. सोफा असेल तर त्याचे वेगळे.

मी पुतण्याला पहिला धडा दिला तो नावांचा. आधी खासदार, मग आमदार, मग झेडपी, पंचायत समिती, कारखाना, दूध संघ, सोसायटी, ग्रामपंचायत, तंटामुक्ती. माणूस त्या दिवशी हजर नसला तरी त्याचं नाव घ्यायचं, कारण त्याचा माणूस हजर असतो. माजी उपसरपंचाचं नाव चालू उपसरपंचाच्या आधी घेतलं तर गट फुटतो, नंतर घेतलं तर भावकी फुटते. यावर मराठी माणसानं 'आजी-माजी सर्व पदाधिकारी' हा तोडगा काढला. या एका शब्दजोडीनं गावोगाव जेवढी डोकी फुटायची वाचवली, तेवढी तंटामुक्तीलाही वाचवता आली नसतील.

तरी चिठ्ठ्या येतातच. मी एकदा पुढच्या रांगेतून नीट पाहिलं आहे. वक्त्याच्या उजव्या हातात माईक आणि डाव्या हाताच्या अंगठ्याखाली पाच चिठ्ठ्या. एक निमंत्रणपत्रिकेच्या पाकिटाची, एक औषधाच्या खोक्याची, दोन वहीच्या आणि एक उसाच्या काट्याची पावती. पावतीच्या एका बाजूला ट्रॅक्टर-ट्रॉलीचं भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. मागच्या बाजूला बॉलपेननं एक नाव आणि त्यापुढं कंसात 'आलेत'. वक्ता त्या वेळी शिक्षणाचं महत्त्व सांगत होता. वाक्य मध्येच सोडून त्यानं त्या नावाचं स्वागत केलं आणि परत आला तो सिंचनाच्या महत्त्वावर. कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण शिक्षणाचं महत्त्व कुणी ऐकतच नव्हतं. आपलं नाव कधी येतं तेवढंच जो तो ऐकत होता.

ज्याचं नाव राहतं तो आधी चुळबुळ करतो. मग पाणी प्यायला उठतो. मग मांडवाबाहेर मोटारसायकलला किक मारल्याचा आवाज येतो. तो आवाज वक्त्याला पुढच्या निवडणुकीत पुन्हा ऐकू येतो.

"आन् मुद्दा कवा मांडायचा?" पुतण्यानं विचारलं.

मुद्द्याच्या आधी अजून दोन पायऱ्या असतात. 'मी काही वक्ता नाही' ही पहिली. ही एक प्रकारची नोटीस आहे, पुढं होणाऱ्या नुकसानीस मालक जबाबदार नाहीत. दुसरी, 'माझ्या आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे'. हे म्हटलं की ते सगळं पुन्हा सांगायला आपण मोकळे. राहता राहिला 'शेवटी'. हा शब्द आमच्याकडं मध्यावर येतो. एका लग्नात आशीर्वाद द्यायला उभ्या राहिलेल्या पाहुण्यांनी तो पाच वेळा वापरला. पहिल्या 'शेवटी'ला करवल्यांनी अक्षता मुठीत घेतल्या, तिसऱ्याला परत ताटात टाकल्या. मुहूर्त बारा पस्तीसचा होता. अंतरपाट धरलेल्या दोघांनी हात बदलले, नवरदेवाच्या फेट्याखालून घामाची धार निघाली, आणि पाहुणे ठिबक सिंचनावर आले. अक्षता पडल्या तेव्हा मुहूर्त नीरेच्या पुलापलीकडं, सातारा जिल्ह्यात पोचला असणार.

वास्तविक बांधणी शिकायला आम्हाला लांब जायची गरज नाही. मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीचेच. बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहून पुराण सांगायचे, आर्या रचायचे, आणि त्या आर्या पुढं कीर्तनकारांच्या तोंडी बसल्या. नारदीय कीर्तनाचा आराखडा बघा. पूर्वरंगात नमन, मूळपद आणि त्याचं निरूपण. मध्ये थांबून बुवांना हार, बुक्का. मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे पूर्वरंगात जे तत्त्व सांगितलं ते आता एखाद्या गोष्टीतून घडताना दाखवायचं. वारकरी कीर्तनाची रीत वेगळी. तिथं एक अभंग धरतात, त्याचा एकेक चरण सोडवतात, आणि बुवा दृष्टान्तातून कितीही लांब गेले तरी ध्रुपदावर परत यावंच लागतं. मागं टाळकरी उभेच असतात. बुवांनी हात केला की ते ध्रुपद उचलतात आणि गाडी पुन्हा रुळावर. शिवाय सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला शेवट असतोच, कारण मागं महाप्रसादाच्या पंगती मांडायच्या असतात आणि हे बुवांनाही माहीत असतं.

आमच्या सभांनी यातलं काय उचललं? हार. बाकी सगळा पूर्वरंग, आणि त्यातही नमनाला घडाभर तेल. ध्रुपद आहे म्हणा. साहेबांचं नाव. वक्ता अडखळला, विसरला, खोकला, की साहेबांचं नाव घेतो. टाळ्या पडतात आणि टाळ्या पडेस्तोवर पुढचं आठवतं.

नुसत्या भूगोलाकडं पाहिलं तरी हे व्हायला नको होतं. आमच्या वरच्या अंगाला पुरंदर तालुका. तिथं सासवडजवळच्या कोढीतला आचार्य अत्र्यांचा जन्म, १८९८ चा. मंडळींनी लक्षात घ्यावं, कोढीत खुर्द. खुर्दात जन्मून या माणसानं संयुक्त महाराष्ट्राच्या सभा बुद्रुक केल्या, आणि लोक उठून जायच्या ऐवजी आणखी बोला म्हणायचे. खाली नदी ओलांडली की फलटण. तिथल्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य शिवाजीराव भोसले व्याख्यानाला उभे राहिले की हातात कागद नसायचा आणि वाक्याचं कर्ता-कर्म-क्रियापद कधी चुकायचं नाही. या दोघांच्या मध्ये आमचा पट्टा. पाणी दोन्हीकडून मुरलं असणार, पण ते बहुतेक उसानं ओढून घेतलं.

जुनं सुभाषित म्हणतं, वक्ता दहा हजारांत एखादा. आणि दाता? तो असेल तर असेल. सुभाषितकाराला आमचा हिशेब ठाऊक नव्हता. आमच्याकडं दाता पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलेला असतो, त्यानंच मांडवाचे पैसे दिलेले असतात, आणि त्यामुळं वक्ताही तोच असतो.

खुर्द भाषण आमच्याकडं होतच नाही असं मात्र नाही. होतं, पण खालून. पूर्वी दवंडी असायची. हलगीवर थाप पडली की माणसं दारात यायची. कुणाचा हुकूम, काय करायचं, कधी, कुठं, आणि नाही केलं तर काय, एवढं सांगून गडी पुढच्या आळीला. आभारप्रदर्शन नाही. आता कुठल्याही कारखान्याच्या सर्वसाधारण सभेला जा. वरून दीड तास अहवाल होतो: गाळप, साखर उतारा, सहवीज, इथेनॉल, प्रतिकूल परिस्थिती. मग मागच्या बाजूनं, गांधी टोपी काखेत धरलेला एक सभासद उभा राहतो आणि म्हणतो, "यंदा टनाला किती देणार?" संपलं भाषण. 'यंदा' ही प्रस्तावना, 'टनाला' हा विषय, 'किती' हा गाभा आणि 'देणार' हा समारोप. याच्यातून एक शब्द काढून दाखवा. याला उत्तर म्हणून वरून जे होतं ते पुन्हा बुद्रुक असतं, कारण आकडा सांगायचा नसला की शब्द जास्त लागतात.

ग्रामसभेचंही तेच. कायदा १९५८ चा. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला कमी असेल तो आकडा लागतो, आणि तेवढी न जमल्यानं सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्ती लागतच नाही. ज्यानं हे कलम लिहिलं त्यानं गावातली भाषणं नक्की ऐकली असणार. तिथंही कोपऱ्यातून पदर सावरत एक बाई विचारते, "नळाला पाणी कवा येणार?" आणि पाऊण तासाचा आढावा त्या चार शब्दांपुढं पाण्याविनाच वाहून जातो.

असो. पुतण्याला मी दोन पानी भाषण लिहून दिलं. एक पान नावं, अर्धं पान 'घरचे संबंध', उरलेल्यात अप्पा.

बुधवारी सकाळी नदीवर गेलो. पिंड मांडून झाले होते. समोर सतरंज्या, बाजूला साउंडवाल्याचा एक भोंगा झाडाला बांधलेला. दहाव्याची श्रद्धांजली हा आमच्या भागातला सगळ्यात अवघड वक्तृत्वप्रकार, कारण श्रोते रडत असतात, उपाशी असतात आणि उठून जाऊ शकत नाहीत. पहिल्या वक्त्यानं अप्पांना 'शिक्षणमहर्षी' केलं. अप्पा चौथी नापास होते आणि ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. दुसरे, अप्पांच्या जाण्यानं निर्माण झालेल्या पोकळीतून थेट डाव्या कालव्याच्या आवर्तनावर गेले. तिसऱ्यांनी आत्म्याला शांती चिंतली आणि लगेच येत्या निवडणुकीत मंडळींनी योग्य विचार करावा असं सुचवलं. कावळे होते, पण भोंग्याचं झाड त्यांचंच असल्यानं ते पलीकडच्या बाभळीवर गेले होते. घरच्यांनी एकेक कबुली द्यायला सुरुवात केली: नातीचं लग्न थाटात करू, धाकट्याला वाटणीत कमी देणार नाही, म्हैस विकणार नाही. कावळा हलेना. तेव्हा अप्पांची थोरली बहीण, नव्वदीच्या घरातली, माईकच्या दिशेनं हात करून म्हणाली, "आरं, त्याची एकच विच्छा ऱ्हायलीय. त्या बोलणाऱ्याला खाली बसवा."

मग आमच्या तरुण, तडफदार संचालकांचं नाव पुकारलं गेलं. पुतण्या उठला, माईक घेतला, खिशातून माझी पानं काढली. वाटेत सूत्रसंचालकानं चार चिठ्ठ्या हातात कोंबल्या. नदीवरून वारा सुटला आणि पानं, चिठ्ठ्या, खासदारापासून तंटामुक्तीपर्यंत सगळी मंडळी उडून पाण्यात पडली. पोरगं त्यांच्याकडं बघत राहिलं. भोंग्यातून नुसता वाऱ्याचा आवाज.

"आमची बोअर आटली तवा अप्पांनी त्यांच्या हिरीवरनं पाईप टाकून दिला," तो म्हणाला. "दोन म्हैनं पानी दिलं. लाईटबिल मागितलं न्हाई." आणि खाली बसला.

सतरंजीवर दोन क्षण कुणीच हललं नाही. मग माझ्या शेजारचा पुटपुटला, "तयारी न्हवती वाटतं." मागं लागोपाठ दोन मोटारसायकलींना किक बसली, कुणाकुणाची नावं राहिली ते आवाजावरून ओळखू आलं. सूत्रसंचालकानं प्रसंग सावरला. संचालकसाहेबांना भावना अनावर झाल्यानं ते बोलू शकले नाहीत, असं त्यानं जाहीर केलं. पुढचे वक्ते प्रसन्न चेहऱ्यानं उभे राहिले. "संचालकांनी वाचवलेला वेळ," ते म्हणाले, "मी घेतो."

त्यांनी तो घेतला. अर्ध्या तासानंतर भटजी दर्भाचा कावळा वळायला बसले, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की एका पिंडावरचा भात गेलेला आहे. कधी गेला, कुणी नेला, कुणी पाहिलं नव्हतं. सगळे स्टेजकडं बघत होते. थोरला मुलगा म्हणाला कावळा. धाकटा म्हणाला, मगाशी इथं एक काळं कुत्रं फिरत होतं. वक्त्यांचं 'शेवटी' चालू होतं. भटजींनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि कावळ्याच्या बाजूनं निकाल दिला. त्यांना अकराला वडगावला दुसरा दहावा होता.