पत्ता नसलेलं वजन

आमच्या सोसायटीतले नाना ५८ वर्षांचे आहेत आणि त्यांच्या अंगावर पाव किलोसुद्धा जादा नाही. हे मी नाही, तेच सांगतात. वजन विचारलं की "साठ पूर्णांक चार" असं दशांशासकट उत्तर मिळतं आणि पाठोपाठ खुलासा येतो, "काल मुंज होती ना, त्यातले चार." पहाटे सव्वापाचला ते पर्वतीच्या पायथ्याशी असतात. १०३ पायऱ्या धावत वर, मग तळजाईकडे, आणि लोकांचा पहिला चहा होईपर्यंत घरी. अंगात बाराही महिने कुठल्या तरी शर्यतीचा टी-शर्ट. लग्नाला जाताना तेवढा बदलतात, तोही काकूंनी दारात अडवल्यावर.

एक किलोमीटर धावलं की आपलं वजन जितके किलो, साधारण तितक्या कॅलरी जळतात. म्हणजे नानांना किलोमीटर साठाला पडतो. हे गणित कळल्यापासून त्यांनी अन्नाची नावं टाकून दिली आहेत. वडापाव म्हणजे पाच किलोमीटर. तूप सोडलेली पुरणपोळी आली की ते नुसतं सिंहगडाच्या दिशेला बघतात. त्या मुंजीत वाढप्यानं जिलबीचं ताट पुढे करून विचारलं, "काका, किती वाढू?" नाना म्हणाले, "पाच किलोमीटर." वाढपी अनुभवी होता. त्यानं दोन जिलब्या वाढल्या, आणि हिशेब चोख निघाला.

अशा माणसाला मुलानं वाढदिवसाला जिमची तीन महिन्यांची फी भरून दिली. हेतू चांगला होता. तिशीनंतर स्नायू हळूहळू झडायला लागतात, साठीकडे तो वेग वाढतो, आणि धावणं पायांना पुरलं तरी खांदे, पाठ, दंड यांच्यापर्यंत फारसं पोचत नाही. नानांच्या टी-शर्टच्या बाह्यांतून हात बाहेर येत, पण बाह्यांना त्याचा पत्ता लागत नसे. लोणच्याची बरणी काकू उघडत.

नाना एकदाच गेले. तिथल्या पोरानं त्यांना 'अंकल' म्हटलं, हे त्यांनी पोटात घातलं. ट्रेडमिलवर तासभर धावूनही समोरची भिंत जवळ आली नाही, हेही सोसलं. पण एका तरुणानं ओरडत लोखंड उचललं, छातीपर्यंत नेलं आणि होतं तिथेच परत ठेवलं, तेव्हा नानांनी त्याला गाठलं.

"का रे, हे कुठे न्यायचं होतं?"

"कुठे नाही, काका."

"मग उचललंस कशाला?"

पोराकडे उत्तर नव्हतं. नानांचा सिद्धांत त्या दिवशी पक्का झाला: ज्या वजनाला पत्ता नाही, ते उचलायचं नाही. स्वतःच्या शरीराला मात्र त्यातून सूट आहे, कारण ते कुठेही जायचं तर बरोबर येतंच. म्हणून दंड-बैठका चालतात, सूर्यनमस्कार चालतात, चढही चालतो. डंबेल चालत नाही.

कुणी वाद घातलाच तर नाना शिवनाथ सिंहांना पुढे करतात. १९७८ साली जालंधरला या माणसानं मॅरेथॉन दोन तास बारा मिनिटांत संपवली, आणि तो राष्ट्रीय विक्रम पुढे कित्येक दशकं कुणाला मोडता आला नाही. अनवाणी धावणारा म्हणून त्यांची ख्याती. "त्यांनी कधी डंबेल उचललं?" असं विचारून नाना विजयी चेहऱ्यानं बघतात. शिवनाथ सिंह लष्करात होते, आणि लष्करात नुसतं पळून भागत नाही, हे ते सोयीनं विसरतात. मीही आठवण करून देत नाही. सकाळी सकाळी कोण बोलणार?

पण गुडघ्याला शिवनाथ सिंह माहीत नव्हते. एका रविवारी लाँग रनमध्ये तो बाहेरच्या बाजूनं दुखायला लागला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी नानांना एका पायावर उभं केलं, तर नाना डुलले. बाई म्हणाल्या, "काका, धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. कमरेचे आणि मांड्यांचे स्नायू तो पेलत नाहीत, म्हणून गुडघा बोंबलतोय." बैठका, प्लँक, एका पायावरचे व्यायाम दिले. नाना खूश. मग बाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून हातात पाच-पाच किलो घ्यायचे." नाना उठले आणि चपला शोधायला लागले. काकू मात्र बसून सगळं नीट ऐकत होत्या.

इथे सोसायटीतली एक माहिती देणं भाग आहे. नानांच्या सिद्धांताची दुसरी बाजू बायकांच्या कधीच लक्षात आली होती: पत्ता सांगितला की नाना काहीही उचलतात. लिफ्ट बंद पडली की वीस लिटरचे पाण्याचे जार चौथ्या मजल्यावर जातात ते नानांच्या खांद्यावरून. गणपतीत मांडवाच्या खुर्च्या, दिवाळीत भाजणीचे डबे गिरणीपर्यंत, आणि कुणाचा तरी झोपलेला नातू रिक्षापासून पलंगापर्यंत. मुलानं घेतलेली डंबेलची जोडीसुद्धा लक्ष्मी रोडवरून सॅकमध्ये घालून घरी चालत आणली ती नानांनीच. पत्ता होता ना! घरी आल्यावर मात्र ती दाराला अडण म्हणून लागली.

दवाखान्यातून परतल्याच्या दुसऱ्या सकाळी काकू म्हणाल्या, "अहो, एवढे डंबेल माळ्यावर टाका बघू. पायात येतात."

नानांनी वाकून उचलले, डोक्यावर नेले, माळ्यावर ठेवले.

"अहो, आधी माळा झाडायचा राहिला की. काढा खाली."

पुढचे काही महिने त्या घरात माळ्याइतकी स्वच्छ जागा दुसरी नव्हती. कधी वर पाली झाल्या, कधी खाली फरशी पुसायची होती, कधी भाचीला डंबेल बघायचे होते. नाना करवादायचे, "या घरात एका वस्तूला म्हणून जागा नाही!" आणि पुन्हा उचलायचे. कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी काकूंच्या बारीक रेघा वाढत होत्या. महिन्याभरानं हुकूम बदलला: "एकेक काय नेताय, दोन्ही एकदम टाका." पुढे जोडीला गव्हाचा डबाही आला.

पुढच्या तपासणीला नाना एका पायावर देवळातल्या समईसारखे स्थिर उभे राहिले. बाईंनी खांदे दाबून बघितले आणि म्हणाल्या, "वा! वजनं सुरू केलीत तर."

"छे! लोखंडाला शिवलो नाही," नाना म्हणाले. काकू भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचत होत्या.

नानांचं वजन अजून ६०.४ आहे आणि श्रेय ते सगळं पर्वतीला देतात. माझ्या मते सडपातळपणाचं श्रेय टेकडीला आणि जिलबीच्या हिशेबाला द्यावं. टी-शर्टच्या बाह्या आता भरल्या आहेत, ते मात्र काकूंच्या माळ्याचं काम. तर मंडळी, कुणाला घर बदलायचं असेल, कपाट हलवायचं असेल, तर आमच्या सोसायटीत जरूर या. पत्ता नीट सांगा, आणि शनिवार टाळा. रविवारी नानांची लाँग रन असते.