कुलकर्णीवहिनींचा पाय

“शुभाताई, कुलकर्णीवहिनींनी म्हणे पायात सुई टोचून घेतली?”

“म्हणे कशाला, मीच होते सोबत. आधी तो पाइप बंद करा हो, माझ्या दारात चिखल होतोय.”

“स्टिरॉइडचं ना? अगंबाई! आमच्या नणंदेच्या सासूबाई कशा सुजल्या होत्या त्यानं!”

“त्या रोजच्या गोळ्यांनी, वर्षानुवर्षं घेतलेल्या. हे नुसतं सांध्यात. सोनोग्राफीत बघत बघत सुई नेली. वहिनी घोटा घोटा करत होत्या, पण सूज निघाली घोट्याखालच्या सांध्यात. म्हणून तर सपाट रस्त्यावर बऱ्या आणि खडीवर पाय पडला की कळ.”

“आणि टाचेमागची ती जाड शीर? तीही दुखते म्हणायच्या.”

“तिच्यात नाही टोचत. तुटायची भीती असते.”

“आता पळतायत का?”

“सुन्न करायचं औषध होतं त्यात, तोवर फुगडी घालायच्या बाकी होत्या. रात्री अंमल उतरला आणि असा ठणका लागला! एक-दोन दिवस असं होतं, बर्फ लावा, चालू नका, हे डॉक्टर बोलले होते. ताप आला, सांधा लालभडक झाला तर मात्र लगेच या म्हणाले. तसं काही झालं नाही.”

“त्यांना साखर आहे ना पण?”

“चढलीच की चार दिवस. त्यात इंजेक्शन किती आणि बासुंदी किती, देव जाणे.”

“आमचे हे सांगत होते, 1948 साली अमेरिकेत, मेयो क्लिनिकमध्ये, संधिवातानं जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचलं, तर आठवड्याभरात ती खरेदीला बाहेर पडली. डॉक्टरांना 1950 मध्ये नोबेल!”

“बाई कुठलीही असो, बरं वाटलं की आधी दुकान! पण औषध थांबलं की दुखणं परत, आणि चालू ठेवलं तर अंगावर सूज. वहिनींचे यजमान तरी काय म्हणाले? ‘इंजेक्शन झालं, आता मंगळवारची गोळी कशाला?’”

“ती मेथोट्रेक्सेट? आठवड्यातून एकदाची?”

“तीच. रोज घेतली तर जिवावर बेतेल आणि सोडली तर दुसरे सांधे धरतील. सुईनं एका सांध्याची सूज उतरते, काही आठवडे, फार तर काही महिने. एकाच सांध्यात वर्षातून तीन-चारदांच्या वर नाही देत. सारखी लागायला लागली, तर गोळी पुरत नाही असं समजायचं. डॉक्टरांनी हे यजमानांना दोनदा ऐकवलं. एकदा माझ्यासमोर.”

“बोलले काही?”

“मोबाइल बघत होते.”

“आणि ते सुनेनं आणलेले बूट?”

“पुढून रुंद, मऊ, छान आहेत. साडीखाली पोलिसासारखे दिसतात म्हणून कपाटात ठेवलेत. पुतण्याच्या लग्नात उंच टाचांच्या चपला घालायच्यात!”

“अहो, मग?”

“मग काय, मी सुनेला फोन केला.”