वसईचं हार्टलँड मिठागरात आहे

‘हार्टलँड’ हा शब्द हॅल्फर्ड मॅकिंडर या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाने १९१९ सालच्या पुस्तकातून जगभर रूढ केला. युरेशियाचा अंतर्भाग ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात जग, असा त्याचा सिद्धांत. आपल्याकडे निवडणूक लागली की ‘हिंदी हार्टलँड’ची आकडेमोड सुरू होते. म्हणजे तिथे नि इथे, मधला प्रदेश मोजायचा तो सत्तेसाठीच.

वसई-विरारचा मधला प्रदेश मात्र पाण्यासाठी मोजायला हवा. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला अर्नाळ्यापासून वसई किल्ल्यापर्यंत वाड्यांचा हिरवा पट्टा, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी. या चौकटीत मधोमध पसरलेली खाजणं, मिठागरं आणि भातखाचरं. डोंगरावरचं पाणी रेल्वेखालच्या मोऱ्यांतून याच सखल भागाकडे येतं. खाडीला भरती असली की पुढे सरकत नाही. ओहोटी लागेपर्यंत इथेच थांबतं. गावं कोरडी राहतात ती या थांब्यामुळे.

तोच थांबा आपण भराव घालून बुजवत आलो. जुलै २०१८ मध्ये रेल्वे बंद पडली, वस्त्या पाण्याखाली गेल्या, मिठागरातली माणसं अडकली. पाऊस जबर होता, हे खरं. पण पाण्याची जागा आपणच घेतली होती, हेही तितकंच खरं. त्या पुरानंतर नेमलेल्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनी पाणी साठवणारे धारण तलाव सुचवले. नैसर्गिक खोलगट जागा भरून टाकायची आणि मग पैसे खर्चून तलाव खोदायचे, हा हिशेब कोणत्याही करदात्याला मान्य होणार नाही.

धर्मगुरू-लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने पश्चिमेचा हिरवा पट्टा वाचवायला लोकांना रस्त्यावर आणलं. फादर २०२४ साली गेले; ते काम आता मधल्या पट्ट्यापर्यंत न्यायला हवं. २००९ साली चार नगरपरिषदा आणि गावं एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. आता अख्ख्या खोऱ्याचा विचार करणारी यंत्रणा एकच आहे, म्हणून जबाबदारीही तिचीच.

मागणी साधी आहे. उरलेली खाजणं, मिठागरं आणि नाले विकास आराखड्यात पाण्यासाठी राखून ठेवा, आणि त्या हद्दी जमिनीवर खांब रोवून दाखवा. त्या खांबांच्या आत भरावाचा एकही डंपर रिकामा होता कामा नये.