तांदूळवैद्य

फोन पाण्यात पडला की ‘डुबुक्’ एवढाच आवाज होतो, पण तेवढा ऐकून धावत येणारा एक गृहस्थ प्रत्येक इमारतीत, कचेरीत आणि लग्नाच्या हॉलवर असतोच. फोनची मालकीण अजून ‘अगंबाई’वर असते, तोवर हा ‘आधी तांदूळ आणा’पर्यंत पोचलेला. यालाच तांदूळवैद्य म्हणावं. इलेक्ट्रॉनिक्सशी त्याचा संबंध रिमोटचे सेल चोळून परत घालण्यापुरता; आत्मविश्वास मात्र सात पिढ्यांच्या राजवैद्याचा. आल्या आल्या तो नाडी बघतो, म्हणजे फोन कानाशी धरून खुळखुळवतो. त्यानं पाणी आणखी आत जातं, पण वैद्याला सांगणार कोण? फोन बादलीत पडला, चहात पडला की समुद्रात, हे तो विचारत नाही. त्याची चौकशी वेगळीच असते: ‘तांदूळ कुठला आहे, वहिनी? इंद्रायणी नको, चिकट असतो. जुना कोलम असेल तर बघा.’ मग डब्यात फोनची समाधी बांधली जाते, आणि ‘दोन दिवस हात लावायचा नाही’ असं बजावून वैद्य चहा घेऊन जातो.

त्याची विद्या अगदीच बिनबुडाची आहे, असं म्हणणं अन्यायाचं होईल. मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे टाकले की पावसाळ्यातही मीठ मोकळं राहतं, हा अनुभव खरा आहे. तांदूळ ओल शोषतो, फोन ओला झाला आहे, तेव्हा फोन तांदळात ठेवावा. तर्क सरळ आहे. अडचण एवढीच, की फोनमधलं पाणी तांदळापर्यंत यायला तयार नसतं. बोर्डावर चिप्स आणि त्यांच्यावरची पत्र्याची झाकणं यांच्यामधल्या केसाएवढ्या फटींत ते चिकटून बसतं. बाहेर तांदूळ बसलाय म्हणून ते उठून येत नाही. वाफ होऊन निघेल तेवढंच निघणार, आणि ते काम मोकळी वाहती हवा डब्यातल्या कोंडलेल्या हवेपेक्षा चांगलं करते. शिवाय साठवणीच्या तांदळात मुळातच शेकडा 12 ते 14 भाग ओलावा असतो. आषाढात तर तो स्वतःच दमट हवेनं बेजार असतो; त्यानं दुसऱ्याची ओल कुठं शोषायची? वर आपल्या घरांत तांदळाला किडीसाठी बोरिक पावडर चोळलेली असते. म्हणजे पाणी निघो न निघो, चार्जिंगच्या भोकात पीठ, कोंडा आणि बोरिक यांचं पुरण मात्र व्यवस्थित भरलं जातं.

‘पण आमच्या मेव्हण्याचा फोन तांदळानंच वाचला,’ असं वैद्य म्हणेल, आणि तो खोटं बोलत नसतो. त्याच्या वहीत फक्त जमेची बाजू आहे, एवढंच. हल्लीच्या बऱ्याच फोनना आतून रबरी आणि चिकट पट्ट्यांची झालर असते. आयपी68 असा शिक्का असलेले फोन कंपनीनं सांगितलेल्या खोलीच्या गोड्या पाण्यात ठरावीक वेळ तग धरतील, अशा कसोटीतून गेलेले असतात. असा फोन बादलीतून काढून तांदळात ठेवा, नाहीतर देव्हाऱ्यात. चालू होण्याची शक्यता तितकीच. श्रेय मात्र तांदळाला. उलट फोन गेला, तर ‘तुम्ही उशीर केलात’, ‘मध्येच उघडून बघितलंत’, ‘तांदूळ नवा होता’ ही कारणं तयार असतात. ज्या औषधाचं यश औषधाचं आणि अपयश रोग्याच्या नातेवाइकांचं, ते कधीच हरत नाही.

बरं, फोनचा खरा वैरी पाणी नाहीच. पाण्यातून वाहणारी वीज आहे. पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे नको तिथे वाट मिळते, बॅटरीचा प्रवाह त्या वाटेनं धावतो आणि बोर्डावरचं तांबं झिजून हिरवट पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसू लागतं. विसर्जनाच्या वेळी समुद्राच्या लाटेत भिजलेला फोन वाळला तरी मीठ आत राहतं. चहात पडलेल्याची साखर राहते. हे तांदळाला दिसत नाही, दिसतं दुरुस्तीवाल्याला. तो फोन उघडतो, बॅटरी सोडवतो आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ब्रशनं बोर्ड घासतो. त्याच्याकडे पहिल्या दिवशी जायचं की तिसऱ्या, यावर पुष्कळ अवलंबून असतं, आणि वैद्याचा उपचार नेमके तेच दोन दिवस खातो. खुद्द ॲपलनं 2024 साली जाहीर केलेल्या सूचनांत आयफोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन बिघाड करतील, असं बजावलं आहे. केबलची जागा खाली करून फोन हळूच थोपटा आणि वाऱ्याच्या जागी ठेवा, हा त्यांचा सल्ला. हेअर ड्रायरलाही मनाई. वैद्यापुढे हे वाचून दाखवलं, तर तो मंद हसून म्हणतो, ‘त्यांना नवीन फोन विकायचेत.’

तरीही वैद्याच्या बाजूनं एक मुद्दा उरतो आणि तो वजनदार आहे. रात्री अकराला दुकान उघडं नसतं. अशा वेळी ‘बंद करा आणि काही करू नका’ हा शास्त्रशुद्ध सल्ला आपल्याकडे कोण पाळतं? माणूस दर पाच मिनिटांनी बटण दाबून बघतो, नाहीतर ‘थोडा चार्ज होतोय का’ म्हणून वायर खुपसतो, आणि पाण्यानं जे केलं नव्हतं ते वीज करते. तांदळात पुरलेल्या फोनला निदान कोणी हात लावत नाही. आजीच्या काढ्यात गुण किती आणि त्याबरोबरच्या लंघनात किती, हे जसं कधीच कळत नाही, तसंच हे आहे: औषध निमित्त, पथ्य खरं. नुसतं पथ्य सांगणाऱ्याला आपण वैद्यच मानत नाही, म्हणून पुडी बांधून द्यावी लागते.

मान्य. पण मग पुडीत काय बांधायचं, ते तरी नीट ठरवावं. फोन बंद करून, कव्हर आणि सिम काढून, पुसून पंख्याखाली ठेवावा आणि सकाळी दुकान उघडताच कारागिराच्या हाती द्यावा. तांदळाच्या डब्यात पुरायचाच असेल तर चार्जर पुरावा, अगदी तळाशी, वर झाकण घट्ट लावून. वैद्याचाही मान राहील. त्याचीही फारशी हरकत असणार नाही. तो फक्त एवढंच विचारेल, ‘चार्जरला कोलमच चालेल ना, की आंबेमोहोर?’