आमचे पालकमंत्री

जिल्ह्याचा पालकमंत्री झेंडावंदनाला येतो आणि जेवून परत जातो. आमच्या नगरच्या सावेडीत मात्र कॉलनीगणिक एक पालकमंत्री आहे आणि तो कुठंच जात नाही. घरी पाल असते ना!

वय साठीच्या पुढं, पाटबंधारे नाहीतर एसटीतून निवृत्त, अंगात बाह्यांची बनियन, उशाशी बॅटरी. मुलं पुण्याला. कुत्रा ठेवावा तर फिरवायला न्यावा लागतो, पोपट ठेवावा तर वनखातं दारात येतं. उरली पाल. ती स्वतःच्या पायांनी आलेली असते, काही मागत नाही आणि आमच्या कॉलनीतले अण्णा बोलत असताना मधूनच चुकचुकून 'खरंय' म्हणते. त्या घरात दुसऱ्या कुणी अण्णांना 'खरंय' म्हटल्याला बराच काळ लोटलेला असतो.

आपण पाळले गेलो आहोत, हे पालीला कुणी सांगितलेलं नसतं. तरी अण्णा निगा राखतात. आता पालीची निगा राखायची म्हणजे बाकीच्या घराला वेसण घालायची. डासांचा फवारा बंद. ट्यूबच्या आसपास केरसुणी फिरवायची नाही. कॅलेंडरचं पान उलटण्याआधी भिंतीवर टिचकी मारायची, ती मागं झोपलेली असते. पाली पळाव्यात म्हणून काकूंनी आणलेलं मोरपीस अण्णांनी देवघरातल्या कृष्णाला वाहून टाकलं. देवाला दिलेलं परत कसं मागणार?

खरं रण पेटलं ते ट्यूबलाईटवरून. मुलगा वीजबिल बघून एलईडी घेऊन आला. अण्णांनी त्याला ओसरीवर बसवून समजावलं, की एलईडीच्या उजेडात ते अतिनील किरण जवळजवळ नसतात, किडे फिरकत नाहीत, मग हिनं खायचं काय? "२०१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात जनावरांच्या छावण्या उघडल्या, तेव्हा कुणी बिल विचारलं होतं का?" वास्तविक छावण्यांच्या बिलांची जेवढी विचारपूस झाली तेवढी जनावरांचीही झाली नसेल, पण मुलगा गप्प बसला. ओसरीवरची जुनी ट्यूब तेव्हापासून रात्री अकरापर्यंत जळते. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून ती दिव्याकडं झेपावली, की अण्णा घरातले बाकीचे सगळे दिवे बंद करतात. काकू अंधारात भाकरी थापतात आणि बाहेर छावणीत जेवण चालू असतं.

एकदा अण्णांनी मला खुर्चीवर चढवून पाल दाखवली. खिडकीच्या काचेवर होती, आतून बघितलं तर पोट दिसत होतं. कातडी इतकी पातळ, की आतली दोन पांढरी अंडी बाजूबाजूला ठेवल्यासारखी स्पष्ट दिसली. एका वेळी दोनच घालते म्हणे. मग तिनं जीभ काढली आणि स्वतःचाच डोळा पुसला. पापणी नाही तिला, त्यामुळं डोळा मिटायची सोय नाही. चष्मा पुसावा तसा डोळा चाटायचा. अण्णा हे सगळं कानात सांगत होते. पाळणाघरात बोलतात तसं.

अण्णांच्या मते पाल एकच आहे. शेपूट लांब असलेली आणि शेपूट तुटून बुटकं उगवलेली अशा दोघी एकदम समोर आल्या, तेव्हा "पाहुणी असेल" म्हणून त्यांनी विषय संपवला. तुटलेली शेपूट परत येते, पण आत हाडाऐवजी कुर्चा असते, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. लेंडीवरून ते तब्येत ओळखतात. टोकाला पांढरा ठिपका म्हणजे पालीची, नसेल तर उंदराची आणि मग पिंजरा लावायचा. उंदराबद्दल त्यांना कसलंही प्रेम नाही.

पाहुण्यांसाठी त्यांच्याकडं नेहरू आहेत. नगरच्या किल्ल्यात नेहरू १९४२ पासून कैदेत होते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण १९३६ च्या आत्मचरित्रात त्यांनी कोठडीतल्या पालींबद्दल लिहिलंय, पाल गांधीलमाशीला समोरून कशी धरते तेसुद्धा, हे फक्त अण्णांना. तो तुरुंग देहरादूनचा. अण्णा ते बरोबर गाळतात आणि हाताने किल्ल्याची दिशा दाखवतात.

पाहुणीचं समाधान नेहरूंवर होत नाही. तिला भीती असते पाल दुधात पडण्याची आणि अंगावर पडण्याची. पालीला विष नसतं, तिच्या घाणीतले जंतू पोट बिघडवतात, तेव्हा दूध झाकावं, असं अण्णा पहिल्या भीतीवर सांगतात. दुसरीवर पंचांग काढतात. त्यात डोक्यावर पडली तर हे फळ, खांद्यावर पडली तर ते, असं सगळं दिलेलं असतं. "आणि पालीवर माणूस पडला तर तिला काय फळ, ते कुठंय?" असं विचारून ते पंचांग मिटतात.

पुण्याच्या नातवानं बिबट्यासारख्या ठिपक्यांची परदेशी पाल घ्यायचा हट्ट धरला होता. काचेची पेटी, खाली ऊब देणारी गादी, खायला जिवंत रातकिडे आणि त्यांच्यावर भुरभुरायला कॅल्शियमची पूड. अण्णांनी एवढंच विचारलं, की ती भिंतीवर चढते का? नाही, तिच्या बोटांना चिकटायची सोय नसते. "मग काय, बसूनच खाणार!" तिला पापण्या असतात, मिटते ती डोळे, असं नातू म्हणाला. अण्णा जरा खट्टू झाले.

लक्ष्मीपूजनाला मात्र सगळं फिरतं. त्या रात्री पाल दिसणं शुभ, म्हणून वर्षभर केरसुणी घेऊन मागं लागलेल्या काकू हळदीकुंकवाचं तबक घेऊन ओसरीवर उभ्या.

"अहो, कुठंय ती?"

"फटाके थांबू देत. येईल."

"मुहूर्त टळतोय हो!"

अण्णा स्टुलावर चढले, कॅलेंडरवर टिचकी मारली, बॅटरी लावली. पाल निघाली, ट्यूबपाशी जाऊन बसली. काकूंनी चिमटीत कुंकू घेतलं.

"कुंकू नको! डोळ्यात जाईल, पापणी नाही तिला."

"मग अक्षता टाकू?"

"हळू टाक. आणि पोटावर नको, दिवस गेलेत."