गोळी फुकट, पण अधांतरी

वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनला अधांतरीचं नवल नाही. अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला टेकत नाही, अशी इथली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. पण तो मान देवाचा. सार्वजनिक आरोग्य विभागानं 15 ऑगस्ट 2023 पासून त्यात हात घातला. सरकारी दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणी-औषधापर्यंत सगळं नि:शुल्क झालं. आदेश मुंबईहून निघाला, तो अजून पुरता खाली टेकलेला नाही.

आदेशात उणं काही नाही. शुल्क घेऊ नका, बाहेरची औषधं लिहून देऊ नका, साठा संपला तर स्थानिक पातळीवर खरेदी करा. फक्त औषधाच्या कपाटाला वाचता येत नाही, ही अडचण.

पूर्वी शुल्क होतं, तशी सवलतही होती. पिवळं कार्ड पुढे केलं की केसपेपरचे पाच-दहा रुपये माफ. गरिबाचा तेवढाच रुबाब. आता वीस एकरवाला आणि रोजमजूर एकाच रांगेत, आणि खिडकीवर दोघांनाही एकच उत्तर: “स्टॉक नाही.” समता म्हणतात ती हीच.

एका सरकारी दवाखान्यातून रक्तदाबाचे एक आजोबा बाहेर आले. हातात कोऱ्या कागदाचा चिटोरा. त्यावर ना शिक्का, ना सही. औषधाचं नाव तेवढं ठसठशीत.

“काय झालं, आजोबा?”

“तपासलं फुकट, सुई फुकट. गोई तेवढी बाहीरून आना म्हनते.”

“मग?”

“मंग काय! मेडिकलवाल्याले इचारलं, तुह्याकडं फुकटचा आदेश आला का बाप्पा? थो हासला.”

आजोबांचा रोज बुडाला, येण्या-जाण्याचं भाडं गेलं, गोळ्यांचे पैसे वेगळे. वाचले ते केसपेपरचे. शासनाच्या जाहिरातीत मात्र त्यांचा ‘संपूर्ण मोफत उपचार’ झाला.

आणखी एक गंमत. हा आदेश सार्वजनिक आरोग्य विभागाचा. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं त्यात धरलेली नव्हती. ऑक्टोबर 2024 मध्ये वाशिमला त्याच विभागाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आनंदच आहे. फक्त यापुढे आजारी पडताना दुखणं कोणत्या खात्यात मोडतं, ते आधी विचारून घ्यावं.

मायबाप सरकार, एक तडजोड करू. केसपेपरचे दहाच काय, वीस रुपये घ्या. गोळी तेवढी कपाटात ठेवा.